सुरयची डावी बाजू

क्षिप्राताईने मला होडी विकायचं ठरवलं तेव्हा तिची एकच अट होती: तपासायला येशील तेव्हा जेवून ये, माझ्याकडे चहाशिवाय काही नाही. बाबांचीही एकच अट होती: होड्या बांधणारे कासमचाचा हो म्हणाले तर घ्यायची, नाही म्हणाले तर तोंड वाकडं करायचं नाही. माझी स्वतःची अट कुणालाच माहीत नव्हती. मला त्या होडीतली अकरा मार्चची दुपार वाचायची होती.

होडीचं नाव सुरय. पाण्याला टेकतो की काय असं वाटावं इतका खालून उडणारा पांढरा पक्षी असतो ना, तोच. दोघींनी चालवायची, शर्यतीची डिंगी. रत्नागिरीत मासेमारीच्या होड्या शेकड्याने आहेत, पण अशी एकच. अंगाने इतकी हलकी की दोन मुली तिला वाळूवरून उचलून नेतात. आणि शिडात वारा भरला की इतकी ओढाळ, की एकीने मागे सुकाणू धरायचं आणि दुसरीने डोलकाठीच्या तारेला कमरेचा हुक अडकवून, पाय काठावर रोवून, पाण्यावर आडवं लटकायचं. नाही लटकलं तर होडी कलंडते. दोन वर्षांपूर्वी ती लटकणारी मी होते. चौदाची, अठ्ठेचाळीस किलोची, वर्गात हात वर करायलाही घाबरणारी.

आता मी सोळाची आहे आणि हात खाली कर असं मला सांगावं लागतं. गेल्या वर्षी एकटीच्या होडीत जिल्ह्यात पहिली आले, तेव्हापासून हे सुरू झालं. जानेवारीत राज्याच्या ज्युनियर संघाची निवड आहे, दोघींच्या होडीतली. माझ्यासोबत लटकायला केतकी मयेकर आहे, नववीतली, माकडासारखी चपळ. सुकाणूवर मी. फक्त होडी नव्हती.

तर अकरा मार्च. जयगडच्या खाडीत शर्यत होती, सुकाणूवर क्षिप्राताई, तारेवर मी, आणि आम्ही पुढे होतो. वारा उजवीकडून, म्हणून आम्ही दोघी उजव्या काठावर, शीड डावीकडे फुगलेलं. अशा वेळी नजरेची वाटणी ठरलेली असते. शिडामागे काय आहे ते सुकाणूवालीला दिसत नाही, म्हणून शिडाकडची बाजू लटकणारीने बघायची आणि ओरडून सांगायचं. उघडी बाजू सुकाणूवालीची. हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण पहिल्या दिवशी पहिलं हेच शिकवतात.

पाण्याखाली वीतभर, जुन्या जाळ्याचा तुटका खुंट होता. धाडकन आवाज झाला, होडी जागच्या जागी थांबली आणि आम्ही नाही थांबलो. मी तारेसकट पुढे भिरकावले गेले. ताईचा खांदा निखळला. काठाला आणेपर्यंत होडीच्या अंगावर मात्र साधा ओरखडाही उरला नव्हता. शर्यतीच्या समितीने विचारलं, कुणाची बाजू? ताई झोळीत हात बांधून बसली होती. म्हणाली, "माझी. मला दिसला नाही."

तिचा खांदा बरा व्हायला वर्ष गेलं. राष्ट्रीय निवड हुकली, मग ती शर्यतीत उतरलीच नाही. आणि मी? मी तिच्या त्या एका वाक्यावर उभी राहिले. माझी नजर चुकली नव्हती. मग मला काय भीती?

ओरखडा का उरला नाही, ते सांगायला हवं. हल्लीच्या शर्यतीच्या होड्या भरत्या अंगाच्या असतात. कार्बनचं कापड आणि त्यात मुरवलेली राळ हे तर जुनंच, पण या राळेत केसाहून बारीक कुप्या विखुरलेल्या असतात, लाखोंनी. तडा गेला की वाटेतल्या कुप्या फुटतात, आतलं औषध तड्यात झिरपतं आणि पाच मिनिटांत घट्ट होतं. वरचा पापुद्रा उन्हाने ताणून पुन्हा गुळगुळीत होतो. आपली जखम भरते तशी, फक्त खपली धरत नाही. पण एक कुपी एकदाच फुटते. त्याच जागी पुन्हा मार बसला तर तिथे औषध नसतं. वरून मात्र अंग नव्यासारखंच दिसतं.

म्हणून बनवणाऱ्यांनी अंगात एक काचेचा दोरा फिरवला. नागमोडी, या काठापासून त्या काठापर्यंत. त्यातून सतत उजेड धावतो. होडी जरा वाकली, दबली, कुणी काठावर पाय दिला, तरी त्या उजेडाचा रंग किंचित सरकतो आणि मागच्या कप्प्यातली चकती ते टिपून ठेवते. याला सगळे होडीची आठवण म्हणतात. आठवणीत कुठे किती औषध उरलंय त्याचा अंदाज असतो, आणि सोबत बाकीचंही सगळं. कोण किती वेळ लटकलं, कोण घाबरून आत आलं, कोण जेवून आलं होतं. मालकाशिवाय कुणाला ती उघडता येत नाही. विकताना मात्र घेणाऱ्याला एकदा वाचू द्यावीच लागते.

ती एकदाची दुपार मला मिळाली होती.

भाट्ये खाडीच्या कडेला ताईची शेड आहे. शनिवारी तीनला आम्ही पोचलो, ओहोटी होती आणि खाडीत बगळे चिखल टोचत होते. कासमचाचा होडेकर विजेच्या रिक्षातून आधी आपली पिशवी उतरवून मग स्वतः उतरले. सत्तरीचे आहेत. लाकडी होड्या बांधत आयुष्य गेलं आणि पन्नाशीनंतर कार्बन शिकले. म्हणतात, लाकूड कुरकुरतं तरी, हे मेलं मुकं असतं.

"ये गं, चॅम्पियन," ताई म्हणाली. केस कापले होते तिने. पुढच्या आठवड्यात पारादीपच्या बंदरात नोकरीवर रुजू होणार होती. "चाचा, ही आता माझ्याशी बोलेल ना, की सही देऊन जाईल?"

"आधी होडी बघते, मग ठरवते," मी म्हणाले.

चाचा हसले नाहीत. ते कामाला लागले की त्यांचं तोंड बंद आणि नाक सुरू असतं. प्रत्येक गोष्टीचा वास घेतात. त्यांनी आधी सुरयला काट्यावर चढवलं. "कागदावर आहे तेवढंच वजन. पाणी प्यालेली नाही." मग डोलकाठी बसते ती जागा अंगठ्याने दाबली, पाण्यात खाली उतरणाऱ्या मधल्या पंखाच्या खाचेत बॅटरी मारून पाहिलं, सुकाणूची बिजागरी हलवून कान दिला. तारा जिथे अंगाला जोडतात तिथे नखाने खरवडलं. शीड पसरून एक कोपरा चुरगळला आणि सोडला.

"शीड थकलंय," ते म्हणाले. "दोन शर्यती देईल, तिसरीत रडेल."

"माझ्यासारखंच," ताई म्हणाली.

मी सगळं वहीत लिहीत होते, पण खरं सांगते, लक्ष नव्हतं. मला खालची बाजू हवी होती. दोन लाकडी घोड्यांवर जुने टायर ठेवले होते. सुरयला त्यावर पालथी घालायची होती.

"थांब, पिशवीतला खडू दे," चाचा म्हणाले.

"खडू कशाला? नाडी आहे ना." नाडी म्हणजे आठवण वाचायची कांडी, क्लबमधून एक दिवसासाठी आणलेली. मी पुढचं टोक धरलंसुद्धा होतं. "धरा चाचा, एक, दोन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण धरलं. सुरय पालथी झाली. उन्हात तिची पांढरी पाठ इतकी स्वच्छ दिसत होती की त्यावर भात वाढून जेवावं.

ताईने आपल्या फोनवरून आठवण उघडून दिली. एका क्षणाचाही उशीर न करता. मला वाटलं होतं ती थोडी तरी कचरेल.

मी मागच्या बाजूला उभी राहिले, तोंड पुढच्या टोकाकडे, जशी पाण्यावर असते तशी. पडद्यावर तारीख निवडली. पंधरा वाजून बेचाळीस मिनिटं. एका रेषेतून सरळ उभा सुळका. दोऱ्यावर धक्का किती अंतरावर बसला ते नाडी सांगते, पण दोरा नागमोडी असल्यामुळे नेमकी जागा आपण कांडी फिरवून शोधायची असते. मी दोन्ही बाजूंनी हळूहळू पुढे सरकत गेले. टोकापासून हातभर अंतरावर, माझ्या उजव्या हाताखाली, कांडी वाजली. पुन्हा फिरवली. पुन्हा तिथेच.

उजवी बाजू. उघडी बाजू.

मला एकदम हलकं वाटलं, आणि ते मी मनातच ठेवायला हवं होतं. नाही ठेवलं.

"ताई, उजवीकडेच आहे. तू खरंच सांगितलं होतंस." इथवर ठीक होतं. पण माझं तोंड हल्ली थांबत नाही. "पण एवढा खुंट गं, उघड्या बाजूला, लख्ख उन्हात. तुला दिसला कसा नाही?"

ताई स्टोव्हवर चहा गाळत होती. "नाही दिसला खरा," ती म्हणाली आणि तिने तीन कप ओळीत लावले.

चाचांनी खिशातून दहा रुपयांचं जुनं नाणं काढलं. नाणी आता कुणी घेत नाही, पण त्यांच्याकडे हे एक कामाचं आहे. कांडी वाजली होती त्या जागेभोवती ते नाण्याने टकटक करू लागले. टणक, टणक, टणक, आणि मग मध्येच एक आवाज पुठ्ठ्यावर वाजवल्यासारखा. पुन्हा टणक. त्यांनी खडूने तेवढ्या जागेला गोल केला. ओंजळीत मावेल एवढा. आणि गोलाशेजारी लिहिलं, 'डा'.

"चाचा, उ," मी म्हणाले. "उजवी आहे ती."

"कुठे उभी आहेस तू?"

"मागे. तोंड पुढे."

"आणि होडी कशी आहे?"

मी सुरयच्या पांढऱ्या पाठीकडे पाहिलं.

होडी पालथी होती. सुलटी केली की माझ्या उजव्या हाताखालची बाजू डावी होणार होती. शिडाकडची.

"आम्ही पालथीच बांधतो ना," चाचा नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "म्हणून उलटण्याआधी दोन्ही बाजूंवर खडूने लिहून ठेवायचं. माझ्या चुलत्याने एकदा चुकीच्या बाजूची फळी बदलली होती. चांगली फळी काढून टाकली आणि कुजकी ठेवली. तो तीस वर्षं होड्या बांधत होता. तू आज पहिल्यांदा पालथी बघतेयस."

बगळे चिखल टोचतच होते. मी कांडी टायरवर ठेवली. ताईने कप पुढे केला आणि मी तो घेतला, कारण हाताला काहीतरी हवं होतं.

"तुला माहीत होतं," मी म्हणाले.

"त्याच आठवड्यात वाचलं मी."

"पण मग समितीला..."

"समितीला सांगितलं तेव्हा माहीत नव्हतं. तेव्हा अंदाजाने बोलले. वाचल्यावर गप्प बसले, ते मात्र ठरवून."

"का?"

मला वाटलं होतं ती काहीतरी मोठं बोलेल. लहान होतीस, तुझं मन मोडलं असतं, वगैरे. तिने कपात फुंकर मारली.

"क्रू कुठून आणणार होते मी? अख्ख्या रत्नागिरीत पन्नास किलोच्या आतली, भरल्या वाऱ्यात लटकणारी एकच पोरगी होती. तुझी बाजू म्हटलं असतं तर तुझ्या बाबांनी तुला पाण्याजवळ फिरकू दिलं नसतं. मला वाटलं दोन महिन्यांत खांदा भरेल आणि आपण परत निघू." तिने खांदा उचलून दाखवला. तो कानापर्यंत जातच नाही. "नाही भरला. मग सांगण्यात काय हशील होतं? तू तर सुसाट सुटली होतीस."

मघाशी मी तिला काय विचारलं होतं, ते शेडमध्ये अजून लोंबकळत होतं.

"मघाचं मी बोलले ते..."

"ऐकलं मी. चहा पी."

चाचांनी चहा बशीत ओतून संपवला आणि निकाल दिला. "हाड चांगलं आहे. ही जागा कापून नवं कापड घालतो, चार दिवस द्या. अडीचशे ग्रॅम वाढेल. बाकी अंगावर कुठे किती औषध उरलंय ते आठवणीत दिसतंय, त्याप्रमाणे जपून चालवायची. माझा हो आहे. तुझ्या बापाला कळव."

होडी माझी झाली होती. दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते वाक्य हेच, आणि मला उडी मारावीशी वाटली नाही.

मग फोनवर विक्रीचा फॉर्म आला. नाव बाबांचं, त्यांनी कारखान्यातूनच होकार देऊन ठेवला होता, चाचांच्या शब्दावर. शेवटचा रकाना घेणारी आणि देणारी दोघींनी मिळून भरायचा असतो: आठवण ठेवायची की पुसायची. बरेच जण पुसतात. कोण कधी घाबरलं ते परक्याच्या हाती का द्या? पण ठेवली तर ती होडीसोबत राहते आणि निवड समितीला खुली होते. समिती हल्ली मुलींना भेटायच्या आधी आठवणी वाचते.

"पुसूया," ताई म्हणाली. "कोरी पाटी घे. जानेवारीत तुझ्यासमोर बसून ते अकरा मार्च काढतील, काय गरज आहे? माझंही बरं. मी समितीला चुकीचं सांगून वर गप्प बसलेय."

"फक्त तो एक दिवस पुसता नाही येत?"

"नाही. पुसायची तर सगळी."

मी चाचांकडे पाहिलं. ते नाणं पुसत होते.

"पुसा की," ते म्हणाले. "नियमात बसतं. मग पुढच्या वेळी कुठे मार बसला की मी असाच टकटक करत फिरेन आणि अंदाज सांगेन. मोठं भगदाड असलं तर नाण्याला कळतं. अर्धं औषध संपलंय की पाऊण, ते नाण्याला नाही कळत. आणि माझे कानही आता माझेच किती राहिलेत."

"म्हणजे होडी फुटू शकते?"

"वरून नवीच दिसेल. फुटेल तेव्हा कळेल. तारेवर लटकलेलीला आधी."

तारेवर आता मी नसणार होते. केतकी असणार होती. गेल्या आठवड्यातच मी तिला तासभर ऐकवलं होतं, नजर कशी ठेवायची, मला कधी काही सुटत नाही, वगैरे. तिने मान डोलावली होती. ती माझं सगळं खरं मानते.

'ठेवा'वर मी अंगठा ठेवला आणि फोन ताईपुढे धरला. तिने बराच वेळ पडद्याकडे पाहिलं.

"मला समितीला चिठ्ठी लिहावी लागेल मग," ती म्हणाली.

"मीपण लिहिते. माझी बाजू होती म्हणून."

"तुझी निवड हुकली तर?"

"तर हुकली." हे मी म्हणाले खरं, पण आवाज चौदाच्या मुलीचा आला. ताई हसली नाही. तिने माझ्या अंगठ्याशेजारी तिचा अंगठा टेकवला आणि फॉर्म गेला.

केतकीला फोन तिथूनच केला. उशीर केला असता तर मी वाक्यं सजवली असती. सरळ सांगितलं: सुरय आपली झाली, तुला आठवण पाठवतेय, अकरा मार्च उघड, पंधरा बेचाळीस, डावी बाजू. तिथे लटकलेली मी आहे, खुंट मी बघायचा होता आणि मी बघितला नाही. वाच, आणि माझ्यासोबत यायचं नसेल तर आज सांग, दुसरी क्रू शोधायला वेळ लागेल.

ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

वीस मिनिटं गेली. चाचांनी सामान आवरलं. मी खडूच्या गोलात नखाने उगाच रेघा मारत बसले. त्या जागेवर हात फिरवला तर काहीच जाणवत नव्हतं, हेच सगळ्यात विचित्र होतं.

मग तिचा फोन आला.

"शाल्मलीताई, तुझ्या पायांची रेष पाहिलीस तू?"

"कसली रेष?"

"काठावर दोन पाय असतात ना लटकताना. धक्क्याच्या आधी आठ सेकंद तुझा पुढचा पाय रिकामा होतो. सगळं वजन मागच्यावर. असं कधी होतं माहितीय? कंबरेतून मागे वळलं की. तू मागे बघत होतीस."

मी सुळकाच तेवढा पाहिला होता, कुणाची बाजू ते ठरवायला. त्याच्या आधीच्या आठ सेकंदांकडे गेलेच नव्हते. आणि आता ते आठ सेकंद मला दिसले, दोरा नाही, चकती नाही, माझ्या स्वतःच्या डोक्यातले: वेंगुर्ल्याच्या मुलींचं निळं शीड, बरंच मागे, आणि मागे आहे हे पाहून मला होत असलेला आनंद.

"हो," मी म्हणाले. "वेंगुर्ल्याच्या मुली किती मागे पडल्यात ते बघत होते."

"मीपण बघते," केतकी म्हणाली. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "दर वेळी. पुढे असलो की राहवतच नाही. तू रागावशील म्हणून सांगितलं नव्हतं."

ताई ऐकत होती. तिने भुवया उंचावल्या, पण मध्ये पडली नाही.

"मग असं करू," मी म्हणाले. "मला मागचं वळून सहज दिसतं. दर मिनिटाला मीच सांगत जाईन, कोण किती मागे आहे ते. तू न विचारता. म्हणजे तुला वळावं लागणार नाही."

"आणि कुणी जवळ आलं असेल तर? तेही खरं सांगशील?"

"तेही."

मागून तिच्या आईचा कुकर वाजला.

"मग शिडाकडची बाजू माझी," ती म्हणाली. "कधी यायचं?"